उद्यमबागेतले प्रश्न, वर्गातली मुले

श्रोतेहो, नमस्कार.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्या बेळगावजवळ, मच्छे येथे उभे राहिले. खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतल्या कितीतरी मराठी घरांतली मुले त्यानंतर अभियंते झाली, याचे समाधान आहेच. तरीही प्रयोगशाळेत डोकावले की मनाला लागते ते असे, की प्रयोग ठरलेला, त्याचे उत्तर ठरलेले, आणि जर्नलमधली रीडिंगेही पुष्कळदा वरच्या वर्गाच्या जर्नलवरून उतरवलेली असतात. यासाठी मी मुलांना दोष देणार नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नासाठी त्यांनी डोके का शिणवावे?

खरे प्रश्न उद्यमबाग या आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रींत, म्हणजे धातू ओतून यंत्रांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यांत आहेत. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले की वाळूतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते. ओल जास्त असेल किंवा वाळू फार घट्ट ठोकली गेली असेल, तर ती वाफ बाहेर न पडता धातूत अडकते, आणि वरून निर्दोष दिसणारे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला भाग, कातकामासाठी लेथवर चढवल्यावर त्याच्या पोटात पोकळी निघते. तोवर त्यावर झालेला सगळा खर्च वाया गेलेला असतो. बेळगावच्या पावसाळ्यात ही ओल आटोक्यात कशी ठेवावी, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या गटाला देऊन पाहावा. त्यात उष्णताशास्त्र येईल, धातुशास्त्र येईल, सेन्सर बसवायला इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी लागेल, आणि वाळू मुठीत दाबून ओल ओळखणाऱ्या जुन्या मोल्डरजवळ, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारागिराजवळ बसावे लागेल. ते बोलणे कधी मराठीत होईल, कधी कन्नडमध्ये. दोन्ही भाषा येणे हे सीमाभागातल्या मुलांचे मोठेच भांडवल आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटने शिकवत असत. पुढे त्यांनी बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना तो नांगर पटायला वेळ लागला. शिक्षक, कारागीर आणि शेतकरी एकाच प्रश्नाभोवती आले की काय घडते, हे या गावाने पाहिलेले आहे.

असे प्रश्न मुलांना देण्यात मुख्य अडचण गुणांची आहे. पहिल्याच फटक्यात चालणाऱ्या प्रकल्पाला गुण मिळत असतील, तर मुले तयार प्रकल्प विकत आणणारच. म्हणून तोंडी परीक्षेत पहिला प्रयत्न कुठे फसला आणि त्यानंतर काय बदलले, हे विचारावे, आणि त्या उत्तराला भरघोस गुण ठेवावेत. प्राध्यापकांनाही आठवड्यातली एक दुपार कारखान्यात घालवता यावी, आणि ती त्यांच्या अध्यापनाच्या तासांतच धरली जावी, अशी माझी महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना आग्रहाची विनंती आहे.