‘अर्जंट’ म्हणजे नेमकं काय, सर?

[दृश्य : चाकणमधला प्लास्टिक मोल्डिंगचा, म्हणजे साच्यातून (मोल्डमधून) नग काढणारा कारखाना. सकाळचे पावणेसात. पहिली शिफ्ट आत येतेय.]

बोर्डावर लाल मार्करने एकच ओळ : ‘रिजेक्शन कमी करा. अर्जंट.’ क्वालिटी इंजिनिअर ती वाचतो, "हो सर" म्हणतो आणि अख्खा दिवस तीन नंबरच्या मशीनवर घालवतो. सगळ्यात जास्त खराब माल तिथेच निघतो ना! साहेबांच्या डोक्यात मात्र सात नंबरचं मशीन असतं. तिथे खराब नग कमी, पण तो माल थेट ग्राहकाच्या लाइनवर जातो आणि काल तिथूनच फोन आलेला असतो. सकाळी एक प्रश्न विचारला नाही, म्हणून दिवस गेला.

[दृश्य : वहीच्या पानावर चार शब्द लिहिणारा हात.]

असे प्रश्न विचारायची एक पद्धत आहे : कोचिंग. कोचिंग म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे : सल्ला न देता, प्रश्न विचारून समोरच्याचं त्यालाच स्पष्ट होऊ देणं. यातली सर्वांत ओळखीची चौकट म्हणजे ‘ग्रो’. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. काय हवंय, आत्ता काय आहे, काय करता येईल, काय करणार. 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये ती आकाराला आली. ती सर्वदूर नेणाऱ्यांपैकी जॉन व्हिटमोर हे 1965ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकलेले शर्यतपटू होते. कंपन्यांमध्ये ही चौकट बहुधा साहेब हाताखालच्या माणसासाठी वापरतात. आपण ती वरच्या दिशेने वापरायला गेलो, की जशीच्या तशी चालत नाही.

पहिले दोन टप्पे चालतात, पण परवानगी घेऊन. "सर, नीट समजून घ्यायला दोन प्रश्न विचारू का?" दोनच. चौथ्या प्रश्नापर्यंत त्याची उलटतपासणी होते. "संध्याकाळपर्यंत काय झालं, म्हणजे काम झालं म्हणायचं?" आणि "आत्ता सगळ्यात जास्त अडचण कुठे आहे?" विचारून झालं की गप्प बसा, मनात पाच अंक मोजा. आपण तिसऱ्यालाच तोंड उघडतो आणि साहेबांचं अर्धं उत्तर स्वतःच देऊन टाकतो. कामाची गोष्ट बरेचदा त्या शांततेनंतर येते : "तसं विशेष नाही रे... पण काल ग्राहकाचा फोन आला होता."

‘का’ जपून वापरा. "प्लॅन का बदलला, सर?" हे जाब विचारल्यासारखं लागतं. "प्लॅनमध्ये काय बदललं, सर?" असं विचारलं तर माहिती तीच मिळते, पण साहेबांना बचाव करावा लागत नाही. आणि "तुम्हाला नाही का वाटत, मोल्ड साफ करायला हवा?" हा तर प्रश्नाच्या कागदात गुंडाळलेला सल्ला. मत असेल तर सरळ "माझ्या मते" म्हणून सांगा, ते जास्त प्रामाणिक आहे.

[दृश्य : सात नंबरचं मशीन. मोल्ड उघडतो, नग खाली पडतो.]

तिसऱ्या टप्प्यावर चौकट मोडावी लागते. "मग काय करू या, सर?" असं विचारलं, की आपलं काम त्यांच्या टेबलावर गेलं. पर्याय आपण न्यायचे, दोन, आणि प्रत्येकाला काय मोजावं लागेल त्यासकट. "मोल्ड साफ केला तर सात नंबर दोन तास बंद राहील. प्रत्येक नग हाताने तपासला तर मशीन चालेल, पण दोन माणसं जादा लागतील. आज वेळ वाचवायचा की माणसं?" कोचिंग आहे ते या शेवटच्या वाक्यात. साहेब निकष सांगतात आणि निर्णय तिथल्या तिथे होतो.

मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं : "म्हणजे दोन तास मशीन बंद राहिलं तरी चालेल, दुपारच्या गाडीत खराब नग नको. बरोबर?" उत्तर ‘नाही’ आलं तर उत्तमच, चूक सात वाजताच सापडली. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी टाका : काय, कोण, कधीपर्यंत.

चारचौघांत, सकाळच्या मीटिंगमध्ये हे करू नका. तिथे साधा प्रश्नही आव्हान वाटतो. नंतरची दहा मिनिटं मागून घ्या. आणि साहेबांनी "गाडी निघाली का?" विचारलं तर आधी हो की नाही ते सांगा.

[दृश्य : तोच बोर्ड, सव्वासात. जुनी ओळ पुसलेली.]

‘मशीन 7. मोल्ड सफाई 8 ते 10. दुपारी 2च्या गाडीत खराब नग : शून्य.’