पडा खुशाल, पण हिशोब चोख हवा

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय जरा गमतीचा आहे. टीव्हीवर माणसं धडाधड पाण्यात पडतात, आपण घरी बसून खो-खो हसतो आणि पाचच मिनिटांत त्याच माणसांवर अन्याय झाला म्हणून तावातावाने भांडतो. असं का होतं, याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यासाठी उदाहरण घेतलंय एका अमेरिकन कार्यक्रमाचं. नाव 'होली मोली'. खेळ मिनी गोल्फचा, म्हणजे छोट्याशा मैदानावर चेंडू ढकलत भोकात घालायचा, पण वाटेत अडथळे असे, की चेंडूपेक्षा खेळाडूचीच काळजी वाटावी.

20 जून 2019 ला एबीसी वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या निर्मात्यांमध्ये एक नाव होतं स्टीफन करी. हो, तोच, बास्केटबॉलमधला. बरोबर एक आठवडा आधी, 13 जूनला, त्याचा गोल्डन स्टेट वॉरियर्स संघ एनबीएची अंतिम लढत टोरंटोकडून हरला होता. लोकांनी त्याला हरताना पाहिलं आणि आठवड्याभरात तोच माणूस त्याच वाहिनीवर हातात पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, घेऊन विनोद करताना दिसला. करीला गोल्फचं वेड आहे आणि तो खेळतोही उत्तम, त्यामुळे पाहुणा म्हणून नुसता मिरवायला आलाय असं कोणाला वाटलं नाही.

पहिल्या मोसमाची मांडणी अगदी सोपी होती. एका भागात बारा स्पर्धक. दोघादोघांची एका होलवर, म्हणजे अडथळे आणि शेवटी भोक असलेल्या एका टप्प्यावर, लढत, कमी फटक्यांत चेंडू आत घालेल तो पुढे. शेवटी तिघं उरायचे आणि त्यांची गाठ एका मोठ्या डोंगरवजा होलशी. जिंकणाऱ्याला 25 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 17 लाख रुपयांच्या वर. शिवाय एक सोनेरी पटर आणि चौकडीचा कोट. गोल्फच्या ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेत विजेत्याला हिरवा कोट घालतात ना, त्याची ही उघड टिंगल.

आता एक होल जवळून बघू. नाव 'डच करेज'. मिनी गोल्फमध्ये पवनचक्की असतेच. छोटीशी, गुडघ्याएवढी, पाती फिरत असतात आणि त्यांच्या मधून चेंडू काढायचा. या मंडळींनी काय केलं? पवनचक्की माणसापेक्षा कितीतरी मोठी केली, एकामागे एक उभी केली आणि चेंडू मारून झाल्यावर खेळाडूलाच त्या पात्यांमधून पळायला सांगितलं. खाली पाणी. बघण्यासारखा असतो तो पळण्याआधीचा क्षण. खेळाडू पात्यासमोर उभा राहतो. एक पातं जाऊ देतो. दुसरं जाऊ देतो. मान पात्याबरोबर खाली-वर हलते. एक पाऊल टाकतो, लगेच मागे घेतो. पहिलं पातं चुकवून जातो, त्या आनंदात जरा सरळ उभा राहतो आणि दुसरं पातं त्याला कमरेत घेऊन जे उडवतं, ते थेट पाण्यात. गादीसारखं मऊ आवरण असतं, इजा होऊ नये अशी सोय असते. पण उडतो मात्र फुटबॉलसारखा.

इथपर्यंत सगळं ठीक. सगळे हसतात. गंमत पुढे आहे.

आमच्या नात्यातल्या एक काकू काही महिने लेकीकडे न्यू जर्सीला होत्या. गोल्फशी त्यांचा आयुष्यात संबंध नाही. क्रिकेट मात्र पक्कं कळतं, तिसऱ्या पंचाच्या आधी यांचा निकाल तयार असतो. नातवंडांबरोबर हा कार्यक्रम बघताना पवनचक्कीने एका मुलीला उडवलं, तेव्हा त्यासुद्धा हसल्या. लगेच त्यांचा प्रश्न आला, "अगं, ती पडली ते दिसलं. बॉल कुठंय?" लेक म्हणाली, "आई, बॉलचं काय घेऊन बसलीस?" तर काकू म्हणाल्या, "वा! मग गेम कशाचा आहे?"

मला वाटतं, या कार्यक्रमावर प्रेक्षक जे काही बोलले, त्यातलं निम्मं तरी काकूंच्या या प्रश्नात आलं.

कारण तक्रारी ऐकल्या, वाचल्या तर त्या पडण्याबद्दल फारशा नाहीत. तक्रारी आहेत हिशोबाबद्दल. एखादा स्पर्धक सगळे अडथळे शिताफीने पार करतो, कोरडा ठणठणीत पलीकडे पोचतो. त्याचा प्रतिस्पर्धी पाण्यात पडतो, ओलाचिंब होऊन, नाकातोंडातलं पाणी झटकत बाहेर येतो. मग दोघं पट करतात, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलतात. कोरड्याचा चेंडू भोकाच्या कडेवरून निसटतो, ओल्याचा आत जातो. जिंकला कोण? ओला. आता प्रेक्षकांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, मग अडथळे कशाला ठेवलेत, शोभेला? दुसरा म्हणतो, गोल्फ आहे ना, मग चेंडू आत घालेल तोच जिंकणार, पळण्याची शर्यत बघायची असेल तर दुसरीकडे जा.

मी या दुसऱ्या गटातला. पडण्याची किंमत मोजावी लागतेच. काही होलवर दंडाचा फटका, काही होलवर चेंडू लांबच्या, अवघड जागी ठेवला जातो. किंमत मोजूनही कोणी जिंकला तर ते त्याचं कौशल्य. गोल्फचं भोक असतं सव्वाचार इंच रुंद, 108 मिलिमीटर. चेंडू जवळजवळ 43 मिलिमीटरचा. म्हणजे वाव तसा भरपूर. घरच्या गालिच्यावर आठ फुटांवरून कोणालाही जमेल असं वाटतं. पण कपडे ओले, दम लागलेला, हात थरथरताहेत आणि समोर 17 लाख रुपये, अशा वेळी तो पट मारून बघा.

चिडावं असं मला वाटतं ते वेगळ्या ठिकाणी. काही होल असे आहेत की एकदा फटका मारला की पुढचं सगळं नशिबावर. चेंडू घरंगळत, आपटत, कुठल्यातरी उतारावरून कुठेतरी जातो आणि खेळाडू कमरेवर हात ठेवून बघत बसतो. तिथे हरणाऱ्याला वाईट वाटतं आणि बघणाऱ्याला फसवल्यासारखं. दुसरी गोष्ट संकलनाची. एक लढत चवीने दाखवतात, खेळाडूचं गाव, धंदा, आई-वडील, सगळं. आणि पुढची लढत उरकून टाकतात, पट कुठून मारला तेही नीट कळत नाही. हे फार खटकतं. आपण गल्लीत गोट्या खेळताना कोणी म्हणालं, "तुझी पाठ होती तेव्हा माझी गोटी गलीत गेली," तर कोणी मान्य केलं असतं का? तिथल्या तिथे 'रडीचा डाव खडी' झालं असतं. हरणाऱ्याला कोपराने गोटी ढकलत न्यायला लावणारी पोरं आपण, शिक्षा कितीही वेडगळ असली तरी गोटी गलीत गेल्याची खात्री प्रत्येकाला डोळ्यांनी करून घ्यायची असायची.

आता तुम्ही म्हणाल, पडापडीचे कार्यक्रम आपणही पाहिलेत, तेव्हा कुठे हिशोब मागितला? बरोबर. 'ताकेशीज कॅसल' आठवत असेल. जपानमध्ये टीबीएस वाहिनीवर 1986 ते 1990 चालला आणि आपल्याकडे कितीतरी वर्षांनी पोगोवर आला, जावेद जाफरीच्या हिंदी समालोचनासह. शाळेतून आलेली पोरं दप्तर फेकून टीव्हीपुढे बसायची. तिथे डोंगराएवढा जमाव किल्ल्यावर चालून जायचा, एकेक करून चिखलात, पाण्यात, भिंतीवर आपटून गळायचा. तळ्यातले दगड, त्यातले काही पक्के, काही पाय ठेवताच बुडणारे. कोण जिंकलं, किती जण किल्ल्यापर्यंत पोचले, याची मला आज एकही आठवण नाही. जावेद जाफरी स्पर्धकांना सिनेमातल्या नाहीतर राजकारणातल्या माणसांची नावं देऊन टाकायचा आणि तेवढ्यावर आपण लोळायचो. ती माणसं आपल्यासाठी माणसं नव्हतीच, पडणारी चित्रं होती. पुढे 2011 मध्ये शाहरुख खानने 'जोर का झटका' केला, तोही अशाच अमेरिकन कार्यक्रमावरून, तिथे पडणारे ओळखीचे चेहरे होते, त्यामुळे मजा कोण पडतंय यात होती.

'होली मोली'ने तिसराच रस्ता धरला. पडणाऱ्या माणसाला नाव दिलं, नोकरी-धंदा दिला, प्रतिस्पर्धी दिला आणि समोर गुणफलक ठेवला. एकदा गुणफलक ठेवला की प्रेक्षक पंच होतो, त्याला तुम्ही अडवू शकत नाही.

शिवाय समालोचनाची करामत. जो टेसिटोर हा माणूस तेव्हा 'मंडे नाइट फुटबॉल' या अमेरिकन फुटबॉलच्या कार्यक्रमाचा मुख्य आवाज होता. बॉक्सिंगचं समालोचनही वर्षानुवर्षं केलेलं. तो इथे पवनचक्कीपाशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्याच गंभीर, खर्जातल्या आवाजात बोलतो, जणू विश्वविजेतेपद पणाला लागलंय. त्याच्या शेजारी रॉब रिगल. हा विनोदी नट, आणि अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेला. तो सुटतो तो सुटतोच. या जोडीबद्दल प्रेक्षकांचं एकमत होणं कठीण आहे. काहींना रिगलशिवाय कार्यक्रम अळणी वाटतो. काहींना त्याचे चावट विनोद मुलांसमोर नकोसे होतात आणि तिसऱ्या-चौथ्या भागापासून तेच ते वाटायला लागतं. मला विचाराल तर खरा विनोद टेसिटोर करतो, कारण तो हसत नाही. रिगल विनोद सांगतो, टेसिटोर तो घडू देतो.

दुसरा मोसम आला 21 मे 2020 ला. ती वेळ आठवा. आपल्याकडे टाळेबंदी, आयपीएल लांबणीवर, ऑलिंपिक पुढच्या वर्षावर. अमेरिकेत मार्चपासून एनबीए बंद. थेट प्रक्षेपणाचा खेळ म्हणून टीव्हीवर फारसं काही नाही. अशा उपासमारीत कोणीतरी कोणाला तरी नियमाने हरवतंय, एवढं बघायला मिळणंसुद्धा मोठं होतं. खेळाची भूक अशा कार्यक्रमाने भागावी, हे त्या दिवसांत कोणाला विचित्र वाटलं नाही. याच मोसमात एक बदल झाला, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक भागाचे विजेते शेवटी पुन्हा एकत्र आणून महाअंतिम फेरी खेळवली, बक्षीस अडीच लाख डॉलर. पहिल्या मोसमात प्रत्येक आठवड्याला एक विजेता यायचा, कोट घालायचा आणि गायब व्हायचा. आता विजेत्यांचीच आपापसांत गाठ पडणार म्हटल्यावर बघणाऱ्याला नावं लक्षात ठेवायला कारण मिळालं.

त्याच मोसमात थोडा अतिरेकही सुरू झाला. 'फ्रँकनपट' नावाच्या होलवर पट मारताना खेळाडूला विजेचे झटके. आणखी एका होलवर अग्निरोधक सूट घालून आगीचे लोळ. सगळं सुरक्षित असेल, पण झटका बसून वेडावाकडा गेलेला पट बघताना माझं तरी हसू आटतं. पडताना माणूस स्वतः चुकतो, पळण्याची वेळ चुकते, तोल चुकतो. झटका मात्र दुसरा कोणीतरी देतो. पुढच्या दोन मोसमांत, 2021 आणि 2022 मध्ये, नाटुकल्या वाढल्या, चौथ्या मोसमात तर मपेट्सच्या बाहुल्या आल्या. मुलांना आवडल्या असतील. गोल्फ मात्र कडेला सरकलं. तिथेच कार्यक्रम थांबला.

मधल्या काळात ऑस्ट्रेलियानेही आपली आवृत्ती काढली, 2021 मध्ये, सेव्हन वाहिनीवर. तिथे करीच्या जागी प्रत्यक्ष गोल्फपटू ग्रेग नॉर्मन, दोनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला. आणि रिगल तिथेही होताच.

मिनी गोल्फला हे वेड नवीन नाही, हेही जाता जाता सांगतो. अमेरिकेत गार्नेट कार्टर नावाच्या हॉटेलवाल्याने 1920 च्या दशकात लुकआउट माउंटनवर छोटा कोर्स उभारला आणि 'टॉम थम्ब' नावाने तो देशभर विकला. गवताऐवजी सरकीच्या टरफलांचं आच्छादन वापरण्याची युक्ती त्याआधीच निघाली होती, त्यामुळे हिरवळ राखायचा खर्च वाचला. 1930 मध्ये, ऐन महामंदीत, न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या गच्च्यांवरसुद्धा मिनी गोल्फ चालायचं. खिशात थोडे पैसे, हाताला काम नाही आणि संध्याकाळ मोकळी. तेव्हा खेळणारे लोक होते, आता बघणारे आहेत, एवढाच फरक.

तुम्हाला बघायचा झाला तर माझा सल्ला असा, की सुरुवात दुसऱ्या मोसमापासून करा. पहिल्या मोसमातला एकच होल मात्र चुकवू नका, 'डिस्ट्रॅक्टर'. तिथे पाणी नाही, पवनचक्की नाही, कोणी पडत नाही. साधा पट. फक्त मारताना समोर कोणीतरी येऊन असे काही चाळे करतो, की खेळाडूचं लक्ष उडावं. खेळाडू पटर मागे नेतो, थांबतो, मान खाली घालतो, ओठ घट्ट मिटतो, पुन्हा पटर मागे नेतो. घरी काकूंसारखं कोणी असेल तर त्यांना या होलला शेजारी बसवा. इथे बॉल कुठंय, हे त्यांना विचारावं लागणार नाही.

नमस्कार.