पंप तयार, वॉशर नाही

[दृश्य: भोसरी एमआयडीसीतली एक शेड. बाहेर अंधारून येतंय, आत ट्यूबलाइट लागल्यात.]

बुधवारची संध्याकाळ. साडेसहा वाजून गेलेत. चाळीस मोनोब्लॉक पंप रांगेत उभे आहेत. मोटर बसली, इम्पेलर बसला, सील बसलं. पण टेस्ट बेंचवर पाणी सोडलं की खालच्या ड्रेन प्लगपाशी ठिबकतंय, कारण प्लगखाली तांब्याचा वॉशर नाही. स्टोअरमध्येही नाही. नाशिकला जाणारा टेम्पो दारात उभा आहे आणि उद्या गुरुवार, म्हणजे एमआयडीसीला सुट्टी. एक पोरगा बाइकवर टांग टाकून हार्डवेअरच्या दुकानाकडे सुटलाय.

महागाची मोटर वेळेवर आली. अडलं ते कटिंग चहाहून स्वस्त वस्तूवाचून.

[दृश्य: वरच्या मजल्यावरची प्लॅनिंगची खोली. संगणकाच्या पडद्यावर लांबलचक यादी.]

याचं उत्तर या यादीत आहे. बिल ऑफ मटेरियल्स. पूर्ण नावानं तिला इथं कुणी हाक मारत नाही. बीओएम, नाहीतर सरळ ‘बॉम’. नावात बिल असलं तरी पैशांशी संबंध नाही. एका पंपाला काय लागतं, किती लागतं आणि कोणती वस्तू कशात जाते, याची ही नोंद.

अशी यादी आपल्या घरात येऊन गेलेली असते. सत्यनारायणाच्या आधी गुरुजी देतात ती. सुपाऱ्या, विड्याची पानं, रवा, केळी, पंचामृत. आता पंचामृत ही यादीत एकच ओळ, पण तिच्या पोटात दूध, दही, तूप, मध, साखर. बीओएममध्ये याला खालची पातळी म्हणतात. तुपाचं बघा. ते पंचामृतात लागतं, प्रसादाच्या शिऱ्यात लागतं, निरांजनातही लागतं. तिन्ही ठिकाणचं एकत्र मोजून, घरात किती आहे ते वजा करून, मगच वाण्याकडे माणूस जातो. ज्यानं नुसत्या शिऱ्याचं मोजलं, त्याचं ऐन आरतीला अडतं.

आणि पंचामृत कुणी महिनाभर आधी करून फडताळात ठेवत नाही. कारखान्यातही असे जोड असतात. तयार होतात आणि लगेच पुढच्यात बसतात, स्टोअरचं तोंड बघत नाहीत. त्यांना म्हणतात फँटम, म्हणजे भूत. यादीत दिसतं, रॅकवर सापडत नाही. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

[दृश्य: स्टोअरमधला माणूस ट्रेमधून मूठभर बोल्ट उचलतो.]

या पंपातलं तूप म्हणजे हा एम-आठ बोल्ट. केसिंगला आठ, पायाला चार. समजा २०० पंपांची ऑर्डर आली, तर बोल्ट लागतील २,४००. रॅकवर ६०० आहेत, मागवायचे १,८००. पातळ्या अशा उलगडत खाली जाण्याला ‘एक्स्प्लोजन’ म्हणतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात आयबीएमच्या जोसेफ ऑर्लिकी यांनी या हिशेबाची संगणकावर चालणारी पद्धत बसवली; तीच एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग; पाकिटावरची छापील किंमत नव्हे. त्यामागचा विचार साधा आहे. पंप किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. बोल्टचा अंदाज कशाला बांधायचा? तो पंपांवरून मोजता येतो.

या शास्त्रात एक थोर इटालियन गणितीही आहे, झेपार्टझाट गोझिंटो. असा माणूस जन्मालाच आला नाही. ‘द पार्ट दॅट गोज इंटू’ हे भरभर म्हणून बघा. अँड्र्यू वाझोनी या गणितज्ञानं केलेली ही थट्टा, पण कोणता भाग कशात जातो ते दाखवणाऱ्या आकृतीला आजही ‘गोझिंटो’ म्हणतात.

[दृश्य: बँडसॉवर गोल सळई कापली जातेय. कूलंटची धार.]

कागदावरचा हिशेब इथं पात्याखाली येतो. समजा, ड्रॉइंगवर शाफ्टची लांबी आहे २९८ मिलिमीटर. सळई तीन मीटरची. भागाकार केला तर एका सळईत दहा शाफ्ट बसतात. म्हणजे २०० शाफ्टना वीस सळया. पण प्रत्येक कापाला पातं तीन मिलिमीटर खातं आणि दोन्ही तोंडं साफ करायला आणखी दोन. एका शाफ्टला लागतात ३०३. आता सळईत दहा नाही, नऊच बसतात. वीस सळयांत १८० शाफ्ट, वीस कमी. सळया हव्यात तेवीस. बीओएममध्ये एका शाफ्टपुढे २९८ लिहायचं की ३०३, एवढाच हा फरक.

म्हणून एकाच पंपाच्या दोन याद्या असतात. डिझाइनवाल्याची यादी ड्रॉइंगवरून निघते, तिच्यात पंप असतो. शॉपवाल्याच्या यादीत पंप बनवणं असतं: ग्रीस, थ्रेडलॉक, रंग, नेमप्लेट, खोकं, खोक्यावरचा स्टिकरसुद्धा. माझ्या मते कारखान्यातली निम्मी भांडणं या दोन याद्यांच्या मधल्या फटीतून येतात, पण तसं त्या खोलीत बोलून दाखवायची सोय नाही.

[दृश्य: पुणे-नाशिक रस्ता. ट्रक, टेम्पो, कंपनीच्या बस.]

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज, आणि मोठ्यांच्या आसऱ्यानं भोसरीत अशा शेड उभ्या राहिल्या. एका शेडचा तयार माल म्हणजे चाकणच्या एखाद्या लाइनवरच्या बीओएममधली एक ओळ. आपल्या शेडमध्येही तसंच. ड्रेन प्लग बाहेरून येतो. जुना व्हेंडर वॉशर प्लगमध्येच अडकवून द्यायचा, त्यामुळे वॉशरची वेगळी ओळ यादीत कधी नव्हतीच. गेल्या महिन्यात व्हेंडर बदलला. नव्यानं मागितलं तेवढं दिलं: प्लग. चलन बरोबर, नग बरोबर, इन्स्पेक्शनही पास.

[दृश्य: शेडचं दार. बाइक थांबते. पोराच्या हातात कागदी पुडी.]

पन्नास वॉशर मिळाले. पंप परत टेस्ट बेंचवर चढतायत.

वर प्लॅनिंगमध्ये नवी ओळ टाइप होतेय: वॉशर, तांबे, एक नग. स्टोअरच्या काकांनी भिंतीवरच्या प्रिंटवर हे पेन्सिलीनं आधीच लिहून टाकलंय. ते खोडायला लावलंय, कारण पेन्सिलीचं संगणकाला कळत नाही. यादीची रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्ती, ‘सी’ होती, ती ‘डी’ झाली.

फक्त हे चाळीस पंप ‘सी’मध्ये धरायचे की ‘डी’मध्ये, यावर टेम्पो सुटेपर्यंत एकमत झालेलं नाही.