उथळ पाण्यातले जहाज

मित्रहो, किनाऱ्यालगत बुडालेल्या जहाजावरचे डायव्हिंग सोपे असते, असा एक समज नवशिक्यांमध्ये पक्का रुजलेला आहे. खोली कमी, होडीची गरज नाही आणि काही बिघडलेच तर क्षणात वर येता येते, असे म्हटले जाते. यातले शेवटचे कारण मला फार धोक्याचे वाटते, म्हणून आधी त्याविषयी बोलतो.

बालीमधील तुलांबेन गावासमोरचे ‘लिबर्टी’ जहाज आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागून हे अमेरिकी मालवाहू जहाज निकामी झाले. दोन विनाशिकांनी ते ओढून नेण्याचा प्रयत्न केला, पण आत पाणी भरत गेल्याने ते तुलांबेनच्या किनाऱ्याला लावावे लागले. तिथे ते १९६३ पर्यंत पडून होते, आणि त्या वर्षी आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते समुद्रात सरकले. आज काळ्या वाळूच्या उतारावर त्याचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर, तर खालचा सुमारे ३० मीटरवर आहे.

आता हाच उतार चढताना काय घडते ते पाहा. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या चौपटीवरून तिपटीवर येतो आणि तरंगण्याचा तोल सांभाळण्यासाठी घातलेल्या जाकिटातली हवा एक तृतीयांशाने फुगते. शेवटच्या १० मीटरमध्ये मात्र तीच हवा दुप्पट होते. म्हणजे तरंगण्याचा तोल सर्वांत झपाट्याने बिघडतो तो नेमका उथळ पाण्यात. तिथे घाबरून श्वास रोखला आणि वर उसळलो, तर फुफ्फुसांतल्या हवेचेही तेच होते, आणि फुफ्फुसाला इजा व्हायला दोन-तीन मीटरही पुरतात. श्वास चालू ठेवा, हा पहिल्या दिवशीचा धडा इथे सर्वाधिक लागू पडतो.

दुसरी गोष्ट लाटेच्या ओढीची. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते, त्यामुळे उथळ जहाजावर पाणी सतत पुढे-मागे हेलकावत असते. सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका हेलकाव्यात मी तोल सावरण्यासाठी एका जुन्या कठड्याला हात घातला. त्यावर कालवांचे कवच वाढले होते. तळहात चिरला, आणि त्याहून वाईट म्हणजे बोटांएवढ्या प्रवाळाची एक फांदी माझ्या हातात तुटून आली. त्या खोलीवर लाल रंग बराचसा शोषला गेलेला असतो, त्यामुळे तळहातातून निघणारे रक्त मला हिरवट काळे दिसले. हातातली फांदी पाहून झालेली खंत मी आजही विसरलेलो नाही. ओढीशी झुंजू नये. ती मागे नेते तेव्हा स्वस्थ राहावे, पुढे नेते तेव्हा तिच्याबरोबर सरकावे.

जहाजाच्या पोटात शिरण्याविषयी थोडक्यात सांगतो: प्रशिक्षण, परतीची वाट दाखवणारी मार्गदोरी आणि दिवे नसतील तर जाऊ नये. आत पायांतल्या फिन्सचा (पोहण्याच्या वल्ह्यांचा) एक फटकाराही वर्षानुवर्षे साचलेला गाळ उडवतो, सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताला लागून गंजाचे पापुद्रे खाली पडतात, आणि आत आलो ती वाट काही क्षणांत दिसेनाशी होते. बाहेरून पाहण्यासारखे पुष्कळ असते, फक्त ते सावकाश पाहावे लागते.

आणि त्यासाठी उथळ जहाज एक फार सुंदर सोय करते. वर येताना साधारण ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची शिस्त आहे. इतरत्र हा वेळ निळ्या पोकळीत घड्याळाकडे पाहत जातो. इथे जहाजाचा माथा अगदी समोर असतो. हालचाल थांबवून पत्रे जोडणाऱ्या एकाच रिव्हेटकडे पाहत राहिलो, की तिच्या कडेच्या भोकातून नखाएवढा मासा आधी डोके काढतो, मग हळूहळू अर्धा बाहेर येतो, आणि आपला पुढचा बुडबुडा सुटताच पुन्हा आत जातो.