पत्त्यातला जनरल

श्रोतेहो, नमस्कार.

मी टपाल खात्यात 32 वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी पत्ते वाचण्यात गेली. त्यामुळे मुंबई मला पाकिटांवरून पाठ झाली. कुठल्या चाळीला दोन नावं आहेत, कुठली गल्ली मध्येच संपते आणि पलीकडे त्याच नावानं पुन्हा सुरू होते, हे सगळं टेबलावर बसल्या बसल्या कळायचं.

एक पत्ता मात्र मला सतत थांबवायचा. कुणी लिहायचं 'जन. ए. के. वैद्य मार्ग'. कुणी 'जी. ए. के. व्ही. मार्ग'. कुणी नुसतंच 'वैद्य रोड'. आणि खूप जण सरळ 'फिल्मसिटी रोड' लिहून मोकळे. पिन कोडही तीन यायचे. गोरेगाव पूर्वेचा 400063, नागरी निवाराच्या बाजूचा 400065 आणि दिंडोशीच्या मालाडकडच्या टोकाला 400097. पत्र योग्य जागी पोचायचं, कारण आमचे पोस्टमन हुशार. नाव मात्र वाटेतच गळायचं.

उद्या 10 ऑगस्ट. ज्यांचं हे नाव, त्या जनरल अरुणकुमार वैद्य यांचा स्मृतिदिन. म्हणून आज आकाशवाणीवरून तुमच्याशी बोलायला मी हाच विषय मागून घेतला.

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी परवा माझ्याबरोबर बसस्टॉपवर उभी होती. तिनं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "आजी, हे वैद्य म्हणजे औषधं देणारे होते का?" मुलीचं काय चुकलं? पाटीवर 'जन.' एवढंच असेल, तर तिनं जनरल कुठून ओळखायचा? मी तिला म्हटलं, "बाळ, हे रणगाड्यातले वैद्य." बस येईपर्यंत मी बोलत राहिले. तेच आज जरा सविस्तर सांगते.

अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म 27 जानेवारी 1926 चा, अलिबागचा. म्हणजे आपल्या गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली की ज्या किनाऱ्याला लागतो, तिकडचेच. अलिबागला सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. समुद्रावर हुकमत गाजवणाऱ्या माणसाच्या गावचा हा मुलगा सैन्यात गेला तो थेट चिलखती दलात, रणगाड्यांकडे.

1965 साली ते लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची पलटण त्यांच्या हाताखाली होती. पंजाबात खेमकरणच्या बाजूनं पाकिस्तानचा चिलखती डिव्हिजन आत घुसला. त्यांच्याकडे अमेरिकेनं दिलेले पॅटन रणगाडे, त्या काळातले अगदी नवे. आपल्या डेक्कन हॉर्सकडे शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले. गंमत बघा, पॅटन आणि शर्मन ही दोन्ही अमेरिकन सेनापतींचीच नावं. जनरलच्या नावानं रस्ता असतो तसा रणगाडाही असतो, आणि त्या सप्टेंबरात ही दोन नावं पंजाबच्या उसात एकमेकांसमोर उभी राहिली.

गावाचं नाव होतं असल उत्तर. मराठी कानाला हे नाव ऐकूनच बरं वाटतं. आपल्या फौजेनं मागं सरून घोड्याच्या नालेच्या आकारात ठाणी धरली. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. ऊस उंच वाढलेला. त्या उसात आपले रणगाडे आणि तोफा दडवल्या आणि गोळा डागायचा नाही, असा हुकूम दिला. आता हे जरा डोळ्यांपुढे आणा. सप्टेंबरची दुपार, आत बसलेल्या माणसाच्या अंगाला लोखंडाचा चटका, समोर उसाची पानं हलतायत, आवाज जवळ येतोय आणि बोट घोड्यावर ठेवून थांबायचं. पॅटन चिखलात रुतायला लागले, पाती सरकली, बाजू दिसली, आणि मग मारा सुरू झाला. ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडले ते याच रणात. ते तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लढाई संपल्यावर मोडके आणि पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ इतके जमले, की त्या जागेला लोक पॅटन नगरच म्हणायला लागले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तिथला पॅटन जरूर बघा. मुलांना त्याच्या पट्ट्याशेजारी उभं करा, म्हणजे आकार कळेल.

या लढाईसाठी वैद्यांना महावीर चक्र मिळालं, म्हणजे परमवीर चक्राच्या खालोखालचं युद्धातलं शौर्यपदक.

1971 ला ते ब्रिगेडियर होते, 16 स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे कमांडर. शकरगढच्या बाजूला शत्रूनं सुरुंगांचे पट्टेच्या पट्टे पेरून ठेवले होते. सुरुंग काढत काढत एक अरुंद वाट तयार करायची आणि त्या वाटेनं रणगाडे पार करायचे. वाट पुरती तयार झाली नव्हती, तेव्हा ब्रिगेडियर स्वतः तीत शिरले आणि मागून रणगाड्यांची तुकडी आली. कमांडर पुढं गेला म्हटल्यावर मागचा कशाला थांबतो? रणगाड्यातून लढणारे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच आघाडीवर, बसंतरच्या लढाईत 16 डिसेंबरला पडले. वय 21. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. दोनदा महावीर चक्र मिळालेले वीर देशात अवघे 6 आहेत. ही ओळ पाटीवर का नसावी, हा प्रश्न मला खरंच छळतो.

31 जुलै 1983 ला ते लष्करप्रमुख झाले. सियाचीनवर आपली फौज चढली ती एप्रिल 1984 मध्ये, त्यांच्याच काळात. त्याच वर्षी जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात खलिस्तानी अतिरेक्यांविरुद्ध लष्कराची कारवाई झाली. त्या कारवाईच्या जखमा फार खोल गेल्या, अजूनही आहेत, आणि त्यांचं मोल निवृत्तीनंतर त्यांनाच द्यावं लागलं. जानेवारी 1986 ला ते निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले. 10 ऑगस्टला बाजारातून परतताना गाडी ते स्वतःच चालवत होते, पत्नी भानुमतीबाई शेजारी होत्या. मारेकऱ्यांनी गाठून गोळ्या घातल्या. ते जागीच गेले, बाई जखमी झाल्या. निवृत्तीला जेमतेम सहा महिने झाले होते. पुढल्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

मग नावं दिली गेली. पुण्यात भवानी पेठेतलं स्टेडियम, वांद्रे रेक्लमेशनवरचं वैद्य नगर आणि आमचा गोरेगावचा रस्ता. दिलं ते चांगलंच झालं. फक्त एवढं लांब नाव पाकिटावर मावत नाही, मग 'जनरल'चं 'जन.' होतं, 'अरुणकुमार'चं 'ए. के.' होतं, आणि माणूस उरत नाही.

असाच आणखी एक पत्ता माझ्या टेबलावरून रोज जायचा. जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. मंत्रालयाच्या बाजूचा. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचा पत्ता हाच. तिथं कार्यक्रमांना शेकडो माणसं येतात, निमंत्रणपत्रिकेवर नाव छापलेलं असतं. हे भोसले सावंतवाडीकडचे, तिरोड्याचे. ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी. 1942 ला सिंगापूर पडलं, आणि पुढे ते आझाद हिंद सेनेत गेले. 21 ऑक्टोबर 1943 ला नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं, त्या सरकारात त्यांचं नाव आहे. मला त्यांच्याबद्दल जास्त जिव्हाळा आहे तो पुढच्या कामामुळे. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. फाळणीत घरदार गमावलेल्या निर्वासितांची मुलं वस्त्यांमध्ये भरकटताना त्यांनी पाहिली आणि 1954 ला दिल्लीत त्या मुलांसाठी कवायत, खेळ आणि शिस्तीची राष्ट्रीय योजना सुरू केली. फौज उभी करणारा माणूस शेवटी शाळेच्या मैदानावर मुलांची रांग लावत होता. मुंबईत मंत्रालयाशेजारी त्यांचा रस्ता आहे आणि टॅक्सीवाल्याला मात्र आपण सांगतो, "चव्हाण सेंटर."

रीगल सिनेमासमोरचं कारंजं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वेलिंग्टन फाउंटन. 1865 साली बांधलेलं. आर्थर वेलस्ली, म्हणजे इंग्रजांचा पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मुंबईत 1801 आणि 1804 ला येऊन गेला, त्याची ही आठवण. त्या दोन भेटींच्या मधे, 1803 ला, त्यानं असईला मराठी फौजांचा पराभव केला होता. त्या कारंज्यावर त्याची मोहीम दगडात कोरलेली आहे. इंग्रजांनी आपल्या सेनापतीचं काम दगडात लिहून ठेवलं, म्हणून दोनशे वर्षांनंतरही कुणी थांबलं तर वाचता येतं.

तेव्हा महापालिकेला माझी मनापासून विनंती आहे. नावाच्या पाटीखाली दोन ओळी लिहा. जन्म कुठला, लढाई कुठली, पदक कोणतं. खर्च तो किती? आणि श्रोतेहो, तुम्हाला एवढंच सांगते की पत्ता लिहिताना 'जनरल' पूर्ण लिहा. जागा कमी पडली तर 'समोर', 'जवळ', 'मागे' हे शब्द गाळा. पोस्टमनला तसाही त्यांचा फारसा उपयोग नसतो, माझा अनुभव आहे.

मी हल्ली रिक्षात बसले की पूर्ण नाव घेते. मागच्या आठवड्यात गोरेगाव स्टेशनबाहेर असाच एक पोरगेला रिक्षावाला भेटला. "जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग," मी म्हटलं. तो गोंधळला. "मावशी, फिल्मसिटी रोड का?" "तोच," मी म्हटलं. हायवेच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्यानं आरशातून बघत विचारलं, "हे कोण होते?" तो सिग्नल किती मोठा, ते तिथं राहणाऱ्यांना माहीत आहे. मी अलिबागपासून सुरुवात केली. दिवा हिरवा झाला तेव्हा उसाच्या शेतात पाणी सोडून झालं होतं आणि पॅटन दिसायला लागले होते. मागून हॉर्न वाजायला लागले. त्यानं गिअर टाकला आणि म्हणाला, "मग, मावशी?"