दोन तटांमधलं तळं

मंडळी, गर्व आणि देवाचा न्याय हा विषय निघाला की आपल्याला आठवतो बाबेलचा बुरूज, नाहीतर बैलासारखं गवत खाणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर. परके राजे, परकी शहरं. ते ऐकताना आपल्याला काही बोचत नाही. म्हणून आज मी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय घेतला आहे. तिथे न्याय होतो आहे तो यरुशलेमचा. राजा हिज्कीया, देवभीरू माणूस. आणि दोष ठेवला आहे तो कशावर? कुणीही शाबासकी द्यावी अशा युद्धाच्या तयारीवर.

हा अध्याय बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी 701 च्या सुमाराशी जोडतात. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात, म्हणजे हिज्कीयाच्या राज्यात, घुसला होता. 46 तटबंद शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. यहूदातलं लाखीश शहर घेतल्याची शिल्पं त्याने आपल्या राजधानीत, निनवेच्या महालात, कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीत बोचक्यांवर बसून देशोधडीला निघालेली बायका-मुलं दिसतात. यरुशलेमच्या लोकांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करू या.

मग त्यांनी काय केलं? शहराचा भरवशाचा झरा एकच, गीहोन. तो पूर्वेच्या उतारावर, पायथ्याशी. शत्रूच्या हाती सहज पडेल असा. ते पाणी डोंगराच्या पोटातून आत आणायला बोगदा खणला. लांबी 533 मीटर, वाट नागमोडी, आणि दोन्ही टोकांमधला उतार जेमतेम 30 सेंटिमीटर. बहुतेक अभ्यासक हा बोगदा हिज्कीयाचाच मानतात. 1880 मध्ये त्याच्या भिंतीवर सहा ओळींचा एक लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दोन टोळ्या समोरासमोरून खणत येत होत्या, तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि झऱ्याचं पाणी 1200 हात वाहत तळ्यात आलं, असं त्यात लिहिलं आहे. राजाचं नाव कुठेही नाही. मला हा लेख फार प्रिय आहे. त्या पाथरवटांचा आनंद निखळ आहे, आणि यशया त्यांना एका शब्दानेही दुखवत नाही.

संदेष्ट्याची तक्रार वेगळी आहे. तो शहराची नजर कुठे कुठे फिरते ते पाहतो. तुम्ही शस्त्रागाराकडे पाहिलंत, तो म्हणतो. दावीदनगराच्या, म्हणजे यरुशलेमच्या जुन्या भागाच्या, तटाला किती भगदाडं पडली ती पाहिलीत. खालच्या तळ्याचं पाणी साठवलंत, यरुशलेमची घरं मोजलीत, तट मजबूत करायला ती पाडलीत, दोन तटांमध्ये जलाशय बांधलात. पण ज्याने हे सगळं पूर्वीच योजलं, त्याच्याकडे पाहिलं नाहीत. पाणी अडवणं हा गुन्हा नव्हे. इतकं सगळं पाहणारी नजर नेमकी एकाच ठिकाणी गेली नाही, हा गुन्हा.

त्यातही ‘घरं मोजलीत, ती पाडलीत’ याच्यापाशी मी दर वेळी थांबतो. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी यरुशलेमच्या जुन्या शहरात सुमारे 7 मीटर रुंदीचा तट उकरून काढला. तो त्याच शतकातल्या घरांच्या पायांवरून गेला आहे. कुणाची तरी चूल तिथे होती. स्वतःच्या बळावर विसंबणारं शहर कुणाच्या तरी घराचे दगड उचलूनच उभं राहतं, आणि ते घर बहुधा मोठ्या माणसाचं नसतं. यशया हे इतक्या शब्दांत म्हणत नाही. हे माझं म्हणणं आहे. पण गरिबांना लुटणाऱ्यांवर त्याने तिसऱ्या अध्यायात जे कोरडे ओढले आहेत ते वाचल्यावर मला दुसरं काही म्हणवत नाही.

देवाने त्या दिवशी रडायला, गोणपाट नेसायला बोलावलं होतं. शहराने बैल कापले, मेंढरं मारली, द्राक्षारस काढला: खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. भीतीने गांगरलेली माणसं आणि मस्तीत आलेली माणसं इथे एकच आहेत. दोघांनाही देवाशी बोलायचं नसतं.

याच हिज्कीयाने मंदिराच्या दारांचं सोनं खरवडून सन्हेरीबाला खंडणी दिली होती, तीनशे किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं आणि तीस किक्कार सोनं. तरी शत्रू हटला नाही. अखेर त्याने अश्शूरचं धमकीचं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं, आणि शहर वाचलं. अश्शूरालाही यशयाने सोडलेलं नाही. माझ्याच हाताच्या बळाने मी हे केलं म्हणणाऱ्याला तो विचारतो: कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारील काय? 681 मध्ये सन्हेरीब आपल्याच मुलांच्या हातून मारला गेला.

यरुशलेम मात्र वाचण्याचीच सवय धरून बसलं. 115 वर्षांनी, 586 मध्ये, बाबेलच्या वेढ्यात शहरातली भाकर संपली. तट फुटला तेव्हा राजा सिद्कीया रात्री पळाला तो कुठून? राजाच्या बागेजवळच्या, दोन तटांमधल्या वेशीतून. म्हणजे ज्या बाजूला जलाशय बांधून शहर निश्चिंत झालं होतं, बहुधा तिथूनच. यरीहोच्या मैदानात तो पकडला गेला.

अध्यायाच्या उत्तरार्धात शहर बाजूला राहतं आणि एक माणूस पुढे येतो: शेबना, राजवाड्याचा कारभारी. हा उंच खडकात स्वतःसाठी थडगं खोदून घेतो आहे. तुझं इथे काय आहे, तुझं इथे कोण आहे, असं संदेष्टा विचारतो. परमेश्वर तुला चेंडूसारखा गुंडाळून दूरच्या मोकळ्या देशात भिरकावून देईल. यरुशलेमला लागून असलेल्या सिल्वानच्या उतारावर राजवाड्याच्या एका कारभाऱ्याच्या थडग्याचा लेख सापडला आहे. नावाची सुरुवात तुटली आहे, शेवट तेवढा उरला आहे. इथे सोनंरुपं नाही, फक्त हाडं आहेत, उघडणाऱ्याला शाप, असं त्यात म्हटलं आहे. तो शेबनाचाच असावा असं अनेकांना वाटतं.

शेबनाच्या जागी एल्याकीम येतो. भला माणूस, देव त्याला ‘माझा सेवक’ म्हणतो. त्याच्या खांद्यावर दावीदाच्या घराण्याची किल्ली. पक्क्या जागी ठोकलेल्या खिळ्यासारखा तो असेल. मग त्या खिळ्यावर घराण्याचं सगळं ओझं टांगलं जातं, पेल्यांपासून बुधल्यांपर्यंत. आणि शेवटच्या वचनात तो खिळा निघतो, तुटून पडतो, त्यावरचा भार नष्ट होतो. काही भाष्यकार म्हणतात, हा पडणारा खिळा शेबनाच. मला ते पटत नाही. नुकतंच ज्याला ठोकलं त्याच्याबद्दलच हे वाक्य आहे. एल्याकीम बिघडला असंही यशया कुठे म्हणत नाही. लोकांनी तळ्यावरचा भरवसा उचलला आणि एका चांगल्या माणसावर टांगला, एवढंच झालं. तो भार पेलण्यासाठी त्याला ठोकलेलं नव्हतं.