पाकिटावरून अल्बमात: टपाल तिकिटांच्या छंदाचे काय झाले?

[दृश्य: पसरट थाळीतले पाणी, त्यावर तरंगणारे पाकिटाचे कापलेले कोपरे]

पाकिटावरचे तिकीट ओढून काढायचे नसते. तिकिटाभोवती बोटभर कागद राखून पाकिटाचा तेवढा कोपरा कापायचा, पसरट थाळीत कोमट पाणी घ्यायचे, चित्राची बाजू वर ठेवून तो तुकडा पाण्यावर सोडायचा आणि डिंक सुटेपर्यंत थांबायचे. पाकीट लाल किंवा गडद रंगाचे असेल तर त्याची थाळी वेगळी, नाहीतर कागदाचा रंग उतरून शेजारची तिकिटेही डागाळतात. सुटलेले तिकीट चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथे वाळवायचे आणि मग जाडजूड पुस्तकात दाबून ठेवायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत हा उद्योग केलेला आहे. आज चिमटा आणि टीपकागद विकत मिळतो, अल्बमही मिळतो. मिळत नाही ते पाण्यात घालण्याजोगे पाकीट.

[दृश्य: सिंद डाक तिकिटाचे मोठे केलेले छायाचित्र]

हा छंद आपल्याकडे परका नव्हता. जगातले पहिले चिकटवायचे तिकीट, 'पेनी ब्लॅक', इंग्लंडमध्ये मे १८४० मध्ये आले आणि त्यानंतर बाराच वर्षांनी, १ जुलै १८५२ रोजी, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी 'सिंद डाक' ही तिकिटे सुरू केली. त्यांतली पहिली तिकिटे लाल लाखेची होती आणि ती इतकी ठिसूळ होती की हाताळताना तुटत. आज ती दुर्मीळ आहेत, त्याचे कारण मुख्यतः एवढेच. ऑक्टोबर १८५४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच तिकिटे आली. १८५५ पासून सुमारे सात दशके लंडनच्या 'द ला रू' कंपनीकडून छापून येणारी आपली तिकिटे १९२६ पासून नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. इतकेच काय, पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये हाताने ठसे मारून स्वतःची तिकिटे काढली होती, आणि गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारची तिकिटे तर त्याच्याही आधी, १८७१ पासून, चालू होती. शाळकरी संग्राहकाला हा इतिहास बहुधा ठाऊक नसे, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नसे.

त्याचे सारे अडत असे ते माणसांवर. कोणाचा मामा आखातात आहे, कोणाच्या काकू अमेरिकेत आहेत, कोणाच्या वडिलांच्या कचेरीत परदेशी टपाल येते, याची पक्की माहिती त्याच्यापाशी असे. 'काकू, पत्र आले की तिकीट माझ्यासाठी ठेवा' असे सांगून ठेवलेले असे आणि पत्र वाचून होताच पाकीट वाड्यातून किंवा चाळीतून त्याच्याकडे पोचत असे. संग्रह वाढे तो दुसऱ्यांच्या पत्रव्यवहारावर. तिकिटासाठी पत्र कोणी लिहीत नव्हते; पत्र मजकुरासाठी लिहिले जाई आणि तिकीट हे त्या व्यवहारात सहज उरणारे काहीतरी असे. डिजिटल काळाने नेमके हे उरणेच बंद केले. ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप यांनी मजकूर पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढवला, पण त्यात मागे उरणारी वस्तू ठेवली नाही. मुलांना मोबाइल आवडू लागला म्हणून छंद गेला, हे आवडते स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. मुलांचे लक्ष दुसरीकडे गेले त्याआधीच घरात येणारी पत्रे आटली होती.

अर्थात, जुना काळही वाटतो तितका निर्मळ नव्हता. स्टेशनरीच्या दुकानांत 'शंभर परदेशी तिकिटे' अशी पाकिटे मिळत आणि त्यांत पूर्व युरोपातल्या देशांची फुलपाखरांची, अवकाशयानांची सुरेख तिकिटे असत. त्यांच्या एकाच कोपऱ्यावर शिक्का सुबक बसलेला असे आणि उलटून पाहिले तर मागचा डिंक जसाच्या तसा असे. म्हणजे ती कोणत्याही पत्रावर कधी चिकटलीच नव्हती. छापखान्यातून शिक्क्यासह निघून ती थेट विक्रीला आली होती. भूतानने तर सत्तरच्या दशकात ग्रामोफोनवर वाजवता येतील अशी तिकिटे काढली. संग्राहकासाठीच निर्माण केलेले तिकीट ही म्हणजे इंटरनेटची देणगी नव्हे. पूर्वी ते नैवेद्यापुरते होते. आता बहुतेक ताटच त्याने भरले आहे. आपल्या टपाल खात्यानेही २००६ मध्ये चंदनाच्या वासाचे तिकीट काढले, २०११ मध्ये खादीच्या कापडावर गांधीजी छापले, आणि त्याच वर्षी पैसे भरून स्वतःचा फोटो तिकिटाशेजारी छापून घेण्याची 'माय स्टॅम्प' योजना आणली.

[दृश्य: भिंगाखाली भारताच्या नकाशाची दोन तिकिटे, आधी सुलटी, मग उलटी]

तिकिटांची छायाचित्रे नेटवर हवी तितकी पाहता येतात, मग वस्तूच कशाला हवी, असे कोणी विचारील. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा भारताच्या नकाशाची नया पैशांतली तिकिटे निघाली. त्यांच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, होते. पुढच्याच वर्षापासून त्याच चित्राच्या तिकिटांना अशोकस्तंभाच्या शीर्षाचे जलचिन्ह असलेला कागद वापरला गेला. समोरून पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो तिकीट पालथे घालून किंवा उजेडासमोर धरून. संग्राहकाचे निम्मे शिक्षण तिकिटाच्या पाठीवर होते आणि पडद्यावरच्या चित्राला पाठ नसते.

तरीही नेटने या छंदाचे भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एखाद्या तालुक्याच्या गावी बसलेल्या संग्राहकाला पूर्वी जाडजूड परदेशी कॅटलॉग बघायलाही मिळत नसे. आज तो लंडनच्या लिलावातले तिकीट मोठे करून पाहतो आणि बनावट तिकीट कसे ओळखावे हे दुसऱ्या खंडातल्या जाणकाराला विचारतो. मात्र याच सोयीने एक मोठा भ्रमही मोडला. १९४८ च्या गांधी तिकिटांपैकी, गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असे छापलेली दहा रुपयांची एकमेकांना जोडलेली चार तिकिटे २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. अशी बातमी आली की घरोघरी आजोबांचे अल्बम माळ्यावरून खाली येतात. मग शोध घेतल्यावर कळते की आपल्याकडचे तिकीट लाखोंनी छापलेले होते आणि तेच तिकीट शेकडो विक्रेते किरकोळ किमतीला देत आहेत. आपल्यापाशी काहीतरी दुर्मीळ आहे या समजुतीवर बालपणीचे कितीतरी संग्रह उभे होते, आणि ती समजूत आता पाच मिनिटेही टिकत नाही. त्यातून वारसांना कंटाळा येतो आणि अल्बम पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी जाऊन पोचतो.

[दृश्य: शिक्के, पत्ता आणि तिकीट यांसह जपलेली अखंड पाकिटे]

गंमत अशी की आज जाणकार संग्राहक अखंड पाकिटाला अधिक मान देतात. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, युद्धकाळात ते सेन्सॉरने उघडले का, पत्ता बदलल्यावर ते कोठे वळवले गेले, त्यावर दर किती लागला, हे सगळे पाकीटच सांगते. पाण्यात सोडवलेले तिकीट त्यातले फारसे काही सांगत नाही. ज्यांनी आळसामुळे कोपरे कापले नाहीत, त्यांच्या पाकिटांना आज चांगले गिऱ्हाईक आहे.

नव्या पाकिटांची स्थिती मात्र निराळी आहे. काउंटरवर वजन होते, यंत्रातून बारकोडची पट्टी निघते, ती चिकटवली जाते आणि तिकिटाची गरज उरत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवाही स्पीड पोस्टात विलीन झाली. तिकीट लावलेले आणि शिक्का नीट उमटलेले पाकीट ज्यांना हवे असते ते संग्राहक म्हणूनच फिलाटेलिक ब्युरोतून, म्हणजे टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विक्री केंद्रातून, तिकिटे घेतात, मागे रांग वाढत असताना काउंटरवर 'शिक्का जरा स्वच्छ मारा' अशी विनंती करतात आणि तसली पाकिटे एकमेकांना, कधी स्वतःच्याच पत्त्यावरही, पाठवतात. ही पाकिटे खोटी नाहीत. त्यांनी पुरते टपालशुल्क भरलेले असते आणि प्रवासही केलेला असतो. परंतु उद्या एकविसाव्या शतकातल्या भारतीय टपालाचा अभ्यास करणाऱ्याला, कोणते पाकीट कोणीतरी काही कळवण्यासाठी धाडले होते आणि कोणते केवळ संग्रहासाठी, हे आधी वेगळे करत बसावे लागेल.